गच्चीची किल्ली

"काकू, गच्चीची किल्ली मिळेल का?"

हा प्रश्न मी जिन्याच्या पायरीवर बसून इतक्या वेळा घोकला होता, की शेवटी तोंडातून बाहेर पडला तेव्हा तो पाढ्यासारखा चालीत आला. खाली सायकलींच्या आड मिस्बाह आणि राजनंदिनी लपल्या होत्या. प्रश्न त्यांनी ठरवलेला, विचारायचा मात्र मी.

सरपोतदार काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. तळमजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान नाना, पहिल्या मजल्यावर आम्ही भाडेकरू, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. गच्चीच्या दाराला भलंमोठं पितळी कुलूप. त्या सकाळी काकू देवपूजा आटोपून जिना चढत होत्या. अंगावर सोवळं, एका हातात बादली, दुसऱ्या हातात वेळूची लांब काठी. मला बघून त्या तिथेच थांबल्या.

"लांब हो. शिवशील."

मी भिंतीला चिकटले. इतकी चिकटले की पाठीला चुना लागला.

"किल्ली कशाला हवी?"

"डिश बघायला. आमचा टीव्ही रोज सकाळी जातो."

"तुझ्या वडिलांना तोंड नाही का?"

"आहे, पण ते वापरत नाहीत."

सायकलींच्या आडून कोणीतरी नाकातून हसलं. काकूंनी तिकडे एकदा बघितलं आणि हसणं जागच्या जागी मेलं.

"टीव्ही जातो म्हणे. आमचा कोणामुळे जातो ते विचार आधी. तुमचा तो नवा डबा बसल्यापासून नानांचं चित्र जातंय. सगळं वरच्या वर ओढून घेतो तो."

"तुमचापण जातो?"

"मला काय विचारतेस? नानांना विचार."

नानांना विचारायची गरजच पडली नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि पाय गेला होता, पण कान शाबूत होते. ते आतून, आरामखुर्चीतून ओरडले, "रोज जातो गं. जंगलाच्या कार्यक्रमात बिबट्या उडी मारतो आणि टीव्ही जातो. तो कुठे पडतो ते मला आजवर कळलेलं नाही."

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "किल्ली चारनंतर. माझं सोवळं वर वाळत असताना गच्चीत कोणी पाय ठेवायचा नाही." आणि बादली सांभाळत, माझ्यापासून अंग चोरत त्या वर गेल्या.

तो मी सरपोतदार काकूंना विचारलेला पहिला प्रश्न. उत्तर नकाराचं होतं, तरी जिन्याखालून दोघी अशा धावत आल्या की जणू मी चषक आणलाय.

"विचारलंस की गं तू," राजनंदिनी म्हणाली. "मला वाटलं, तू आता पायरीतच विरघळतीस. मी तर पळायच्या तयारीतच होतो." राजनंदिनी अस्सल कोल्हापूरची, त्यामुळे स्वतःबद्दल ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते.

"चारनंतर म्हणाल्या," मिस्बाह म्हणाली. "म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत."

आज मी बारावीत आहे आणि वर्गात मी हात वर केला की सर खडू खाली ठेवून "बोला धनवडे" म्हणतात. पण ही गोष्ट नववीची परीक्षा संपली त्या एप्रिलमधली. त्याच्या आधी मी कोणाला काही विचारत नसे. शाळेत तहान लागली तरी मधल्या सुट्टीपर्यंत थांबायची. त्या वर्षी मी कोल्हापुरात नवीन होते आणि या दोघींनी मला बोलती करायचा विडा उचलला होता. त्या दर आठवड्याला एक प्रश्न ठरवायच्या आणि मी तो जाऊन विचारायचा. वडापाववाल्याला, 'मिरची जास्त मिळेल का?' पीटीच्या बाईंना, 'शनिवारी मैदान फक्त मुलांना का?' त्या प्रश्नामुळे आम्हाला खरोखर मैदान मिळालं आणि मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न हे कामाचं हत्यार आहे.

काकूंचा प्रश्न मात्र खेळातला नव्हता. रविवारी बाबा खाली जाऊन घर सोडतो असं सांगणार होते, आणि तो गुरुवार होता.

माझ्या बाबांना भांडण सोसत नाही. इतरांना धूळ सोसत नाही, तसं. कुठे आवाज चढला की ते घर बदलतात. इस्लामपूरचं घर पाण्याच्या वेळेवरून सुटलं. सांगलीतलं घर शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून. मिरजेत मालकांच्या मुलाने तबला शिकायला घेतला आणि आम्ही तो धा-धिं-धिंपर्यंत पोचायच्या आत सामान बांधलं. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "जाऊ दे. आपण कशाला बोला?" आणि प्रत्येक वेळी मी नव्या शाळेत शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे.

इथे टीव्ही निमित्त झाला. संक्रांतीच्या सुमाराला बाबांनी डिशचा नवा डबा आणला. त्यानंतर रोज सकाळी कधीतरी पडद्यावर चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी यायची. आई दिवसभर लोकांच्या साड्यांना फॉल लावते. टीव्ही बघत नाही ती, ऐकते. पण घरात तेवढीच तिला सोबत असते. तिने दोनदा डिशवाल्याला बोलावलं. काकू त्याला चारनंतरच गच्चीत सोडायच्या, आणि चारनंतर चित्र आरशासारखं स्वच्छ. "सिग्नल फुल्ल आहे ताई," असं म्हणून तो जायचा. तो गेला की काकू जिन्यात उभ्या राहून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "भाड्याने राहणारी माणसं. यांना दुसऱ्याच्या भिंतीला भोकं पाडण्यापलीकडे काय येतं?" आई खाली मान घालून धावदोरा घालत राहायची. एकदा सुई बोटात घुसली, तेव्हा बोट चोखून तिने पुढचा टाका घातला.

मग एक दिवस काकू नानांना गाडीत घालून नृसिंहवाडीला गेल्या, आणि त्या दिवशी टीव्ही गेलाच नाही.

"बघ," बाबा म्हणाले. "त्याच वर जाऊन वायर काढतात. आपण जावं म्हणून. स्पष्ट आहे. जयसिंगपुरात कंपनीच्या गोदामाजवळ एक घर बघून ठेवलंय मी."

"दहावी आहे तिची," आई म्हणाली.

"जयसिंगपुरातपण दहावी असते."

मलाही तेव्हा ते पटलं होतं. काकू वायर काढतात, दुसरं काय असणार? पण गुरुवारी जिन्यात नानांचा बिबट्या मध्ये आला. आमची वायर काढून काकूंना आनंद होत असेल, एक वेळ मानलं. पण स्वतःच्या नवऱ्याचा बिबट्या त्या रोज हवेत का टांगून ठेवतील?

त्या दिवशी मी घरात येऊन टीव्हीसमोरच बसले. रिमोटवरून आत आत गेलं की सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, हे डिशवाल्याने केलेलं मी बघून ठेवलं होतं. पट्ट्या आधीच कोसळलेल्या होत्या. मी जेवले, भांडी विसळली, पुन्हा येऊन बसले. दुपारी बघते तर खालची पट्टी सरकत होती. वायर जोडली असती तर एकदम चढली असती. ही पट्टी ताप उतरावा तशी सावकाश हलत होती. जराशी वर, पुन्हा जराशी खाली, मग आणखी वर.

"आई, हे बघ. कोणीतरी पडदा हळूहळू बाजूला करतंय असं वाटतं ना?"

"मला एवढंच वाटतं की तू डोळे खराब करून घेतेयस," आई म्हणाली. पण सुई थांबवून तिने पट्टीकडे बघितलं.

चार वाजता मी खाली जाऊन उभी राहिले. काकूंनी हातात हात लागू नये अशा बेताने किल्ली वरून माझ्या ओंजळीत सोडली. "पाऊण तासात परत. आणि माझ्या दोरीला हात लावायचा नाही."

मिस्बाहला आमच्या टीव्हीसमोर बसवलं. फोन तिच्याकडे आईचा, माझ्याकडे राजनंदिनीच्या दादाचा. राजनंदिनी आणि मी वर गेलो. गच्ची तव्यासारखी तापलेली. पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटच्या ठोकळ्यांवर दोन्ही डिश शेजारी शेजारी होत्या. एक त्यांची, एक आमची. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलींसारख्या दोघी एकाच दिशेला मान वर करून बसलेल्या. वायरी जागच्या जागी होत्या. जोडाच्या ठिकाणी चिकटपट्टीवर धुळीचा थर होता, म्हणजे तिथे कित्येक दिवसांत कोणी हात लावलेला नव्हता. आमच्यात आणि डिशवाल्यात आत्तापर्यंत फरक शून्य.

"आता काय करालीस?" राजनंदिनीने विचारलं.

"अडवून बघू. तू समोर उभी राहा."

ती डिशच्या अगदी पुढ्यात, वरून वाकून उभी राहिली.

"गेलं," फोनमधून मिस्बाह म्हणाली.

"हो बाजूला."

"आलं."

"म्हणजे राजू अडवू शकते," मी म्हटलं.

"मी रोज सकाळी इथे येऊन उभा राहत नाही, हे लिहून घे," राजनंदिनी म्हणाली.

मग आम्ही मिळेल ते वर धरून बघितलं. पुठ्ठा, रिकामी कुंडी, माझी चप्पल. शेवटी मी तिची ओढणी घेऊन दोन्ही डिशवर मंडपासारखी ताणून धरली. "आता?"

"काही नाही. झकास दिसतंय."

"चौपदरी करते. आता?"

"तरी काही नाही. बातम्यांतली बाई हसतेय."

म्हणजे कापडाने काही होत नाही. मी ओढणी राजनंदिनीकडे फेकली आणि टाकीच्या सावलीत बसले. पाऊण तास संपत आला होता. मला जयसिंगपूरची शाळा दिसायला लागली. तिचा रंगसुद्धा दिसला, फिका पिवळा.

राजनंदिनीला उकाडा सोसत नाही. तिने टाकीचा नळ सोडला, ओढणी चिंब भिजवली, डोक्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी पसरून, कंबर हलवत, "बाजूला व्हा, महाराणींची स्वारी आली" असं म्हणत डिशसमोरून निघाली.

"अगं, काय केलंत?" फोनमध्ये मिस्बाह ओरडली. "सगळं गेलं."

मी उठले. "राजू, जिथे आहेस तिथेच थांब."

"पाणी गळालंय माझ्या पाठीत."

"गळू दे. मिस्बाह, आता?"

"गेलेलंच आहे."

"राजू, ओढणी खाली घे."

"आलं," मिस्बाह म्हणाली. "बाई परत हसतेय."

"ओढणी वर."

"गेलं."

मघाशी तीच ओढणी होती. तेव्हा ती कोरडी होती आणि टीव्हीला तिचं काही देणंघेणं नव्हतं. मी हळूच वर बघितलं. टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या खोलीच्या भिंतीपर्यंत, दोन्ही डिशच्या बरोबर डोक्यावरून, उंच एक दोरी बांधलेली होती. अगदी रिकामी. कोपऱ्यात ती वेळूची काठी टेकवलेली. आणि दोरीच्या सरळ खाली, तापलेल्या फरशीवर, थेंब सुकल्याची एक पांढुरकी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

राजनंदिनीने माझ्या नजरेच्या मागून वर बघितलं आणि ओढणी तिच्या हातातून गळाली.

"नऊवारी," ती म्हणाली.

"ओली नऊवारी," मी म्हटलं.

सगळं धडाधड जागेवर बसलं. पूजा झाली की काकू उद्याचं सोवळं धुऊन वर आणतात आणि काठीने दोरीवर टाकतात. टीव्ही जातो. ऊन चढतं, पातळ वाळत जातं, पट्टी सावकाश वर येते. चार वाजेपर्यंत गच्चीत कोणी यायचं नाही, कारण सोवळ्याला कोणी शिवायचं नाही. आणि चारनंतर डिशवाला येतो तेव्हा दोरी रिकामी. इतके दिवस कोणालाच काही दिसलं नव्हतं, कारण बघायलाच बंदी होती.

मी गच्चीत नाचले. मला नाच येत नाही, तरी नाचले.

घरी मात्र नाच चालला नाही.

"खबरदार," आई म्हणाली. "सोवळ्याचं नाव काढलंस तर बघ. 'तुमच्या देवाच्या कापडामुळे आमचा टीव्ही जातो', असं सांगणार तू त्यांना? घर आजच सोडावं लागेल."

बाबांनी मात्र शांतपणे सगळं ऐकलं. पट्टीचं, ओढणीचं, थेंबांच्या रेघेचं. मध्ये एकदा "अरे वा" असंही म्हणाले. मग म्हणाले, "पण कस्तुरी, त्या बाईंच्या देवाधर्मात आपण पडायचं नाही. त्यांना वाईट वाटेल, त्या बोलतील, आपण ऐकून घेऊ, पुन्हा तेच. रविवारी अकरा वाजता मी खाली जातो, सोडतो म्हणून सांगतो. विषय संपला."

"पण बाबा, त्या मुद्दाम करत नाहीत."

"मुद्दाम नसेल. जाऊ दे ना. आपण कशाला बोला?"

मी झोपायला गेले तेव्हा ते 'कशाला बोला' माझ्याबरोबर अंथरुणात आलं. इस्लामपुरात, सांगलीत, मिरजेत, कोणी एकदा तरी खाली जाऊन विचारलं होतं का? कुत्रा का भुंकतो? तबला किती वाजेपर्यंत?

शुक्रवारी मिस्बाहच्या वडिलांच्या फळांच्या गाळ्यामागे आमची बैठक भरली.

"सरळ विचार," राजनंदिनी म्हणाली. "'काकू, तुमच्या सोवळ्यामुळे टीव्ही जातो काय?'"

"आणि त्यांनी काठी माझ्या डोक्यात घातली तर?"

"घालणार नाहीत. काठीला तू शिवशील ना."

मिस्बाह केव्हापासून पेटीतल्या आंब्यांवर गवत घालत होती. ती म्हणाली, "आपण सांगितलं तर ते आपलं होईल. त्यांना त्यांचं सापडायला पाहिजे. आमच्या आजोबांना डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, ऐकलं नाही. स्वतः मशीनवर बोट टोचून बघितलं, त्या दिवशी बंद."

मग प्रश्न तयार व्हायला उरलेला शुक्रवार आणि शनिवार गेला.

रविवारी सकाळी बाबा इस्त्री केलेला शर्ट घालून, घड्याळ बघत, पेपराचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. मी चप्पल न घालताच बाहेर पडले. राजनंदिनी आधीच नानांशेजारी स्टुलावर बसली होती, मिस्बाह जिन्याच्या मधल्या वळणावर. मी त्याच पायरीवर. आतून पूजेची घंटा थांबली. थोड्या वेळाने काकू बादली आणि काठी घेऊन आल्या. यावेळी मी आधीच भिंतीला चिकटलेली होते.

"आज काय?"

"काकू, नानांचा बिबट्या कुठे पडतो ते बघायचंय का?"

त्यांची काठी पायरीवर टेकली. हा प्रश्न त्यांना कोणीच कधी विचारला नसणार.

"त्याला तुमचीच मदत लागेल," मी घाईने म्हटलं. "दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मी गच्चीच्या दारात उभी राहीन, आत पाऊल टाकणार नाही, कशाला शिवणार नाही. तुम्ही रोजचंच काम करायचं, फक्त मी सांगेन तेव्हा थांबायचं."

"आणि ही कोण? बागवानांची ना?" त्यांनी मिस्बाहकडे मान वळवली. "आंबा बरा असतो तुमचा. ही इथे काय करतेय?"

"ती निरोप देणार. राजनंदिनी नानांच्या टीव्हीपाशी आहे."

"सगळी फौजच आणलीस," काकू म्हणाल्या, आणि कुलूप काढलं.

मी उंबऱ्यावर थांबले. काकूंनी बादलीतून पिळलेलं पातळ काढलं, काठीच्या टोकावर घेतलं आणि एका झटक्यात दोरीवर टाकलं. मग काठीने ओढत ओढत पसरलं. इतक्या वर्षांचा हात तो. एक सुरकुती राहिली नाही.

"गेलं," खालून राजनंदिनीची आरोळी आली.

"गेलं," वळणावरून मिस्बाहने ती वर पाठवली.

"काय गेलं?" काकूंनी विचारलं.

"टीव्ही. आता काकू, तेच काठीने तसंच गोळा करून टाकीकडच्या टोकाला सरकवा ना."

कपाळाला आठ्या घालून त्यांनी पातळ सरकवलं.

"आलं." "आलं."

काठी हवेतच थांबली. "तुम्ही पोरी खाली बटणं दाबताय."

"नानांना विचारा."

काकू कठड्याशी गेल्या आणि गल्ली हलेल अशा आवाजात ओरडल्या, "अहो, आलं का?"

"आलंय," खालून नाना. "झाडावर बसलाय तो. उडी मारायच्या बेतात आहे."

काकू परत आल्या. त्यांनी पातळ पुन्हा पसरलं. गेलं. गोळा केलं. आलं. आता त्या माझ्या सांगण्याची वाट बघत नव्हत्या. पातळ अर्धं पसरून बघितलं, एकाच डिशवर धरून बघितलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःच कठड्याशी जाऊन विचारून आल्या. शेवटी त्यांनी ते टाकीच्या टोकाला नेलं, काठी टेकवली आणि दोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. आता काठी येईल की किल्ली जाईल, मला काही कळेना. 

"मागच्या पडवीत वाळायचं हे आधी," काकू म्हणाल्या. बोलत होत्या दोरीशीच. "संक्रांतीला शेजारी खानावळ सुरू झाली. सकाळपासून मटणाच्या रश्श्याची फोडणी. रश्श्याचा वास घेऊन देवापुढे बसू का मी? म्हणून वर आणलं." मग म्हणाल्या, "त्याच आठवड्यात तुमचा डबा आला."

मी उंबऱ्यावरूनच डिशकडे बघितलं. 

"तुझ्या आईला काय काय बोलले मी जिन्यात."

तेवढंच. मग त्या वळल्या आणि त्यांचा आवाज पूर्ववत झाला. "अशी उभी काय राहतेस? जिन्याच्या खोलीत दुसरी दोरी आहे. त्या पलीकडच्या बाजूला बांध, खांबापासून खांबापर्यंत. घट्ट. उंच."

"मी? माझा हात लागेल दोरीला."

"धुऊन घेईन मी नंतर. बांध तू."

मी उलट्या ड्रमवर चढून दोरी बांधली. काकू खालून "अजून वर, अजून वर" करत होत्या. मी उतरून दारात गेले. त्यांनी नव्या दोरीवर पाणी मारलं आणि पातळ काठीने उचलून, डिशपासून लांब, तिथे पसरलं. वाऱ्याने ते शिडासारखं फुगलं. खालून चित्र गेल्याची आरोळी आली नाही. त्याऐवजी नानांचाच आवाज आला, मी आधी कधी न ऐकलेला, चढा.

"पडला, पडला. पाण्यात पडला. हरीण पळालं."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. आणि हसल्या. मला त्यांचे दात पहिल्यांदा दिसले.

नेमके तेव्हाच बाबा जिन्यात आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. खाली जायला निघालेले ते, वर आवाज ऐकून वर आले होते.

"काय धनवडे? काही काम होतं का?" काकूंनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, फुगलेल्या नऊवारीकडे बघितलं. "हो. म्हणजे, जरा बोलायचं होतं."

"मग बोला की. तोंड आहे ना तुम्हाला? ही म्हणाली, आहे म्हणून."

मिस्बाह भिंतीकडे तोंड करून खोकायला लागली. बाबांचा शर्ट मानेपाशी ओला झाला होता. "टीव्ही आला का, तेवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले.

"आला. तुमच्या मुलीने आणला."

बाबा "बरं, बरं" करत खाली गेले. काकूंनी कमरेची किल्ली काढली आणि वरूनच माझ्या ओंजळीत सोडली. मी ती परत द्यायला हात पुढे केला.

"असू दे. दुसरी आहे माझ्याकडे. डिश तुझ्या ताब्यात. नानांची पण. माझं सोवळं त्या बाजूला, तू या बाजूला, चारची वाट बघायची नाही." बादली उचलून त्या माझ्या शेजारून, नेहमीसारखं अंग चोरून निघाल्या आणि दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "जूनला करार संपतो तुमचा. काय ठरलंय?"

वळणावर मिस्बाहने खोकणं थांबवलं.

"राहतोय आम्ही," मी म्हटलं.

"मग आईला सांग, संध्याकाळी खाली ये म्हणावं. माझ्या दोन साड्यांना फॉल लावायचाय. आणि चहाला थांब म्हणावं."

मी घरात गेले तेव्हा टीव्ही लावलेला होता आणि चित्र स्वच्छ होतं. सकाळची अशी वेळ, आणि आई सुई बाजूला ठेवून चक्क बघत बसली होती. बाबा खुर्चीच्या काठावर, हातात फोन.

"सांगून टाकलं का हो?" आईने त्यांना विचारलं.

"आज योग्य वाटलं नाही," बाबा म्हणाले. "उद्या सांगतो. जयसिंगपूरवाल्यांना मी शब्द दिलाय, कस्तुरी. टीव्ही आला ते छान झालं, पण उद्या दुसरं काहीतरी निघेल. भाड्याचं घर आहे."

टीव्हीच्या शेजारी कॅलेंडरचा खिळा होता. मी गच्चीची किल्ली त्याच्यावर अडकवली. आई किल्लीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"बाबा, जयसिंगपूरवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगा," मी म्हटलं. "आपण घर सोडत नाही. मी काकूंना सांगून आलेय. दहावी मी इथूनच देणार. आणि दुसरं काही निघालं तर निघू दे. यापुढे पाणी असो, कुत्रा असो, तबला असो, सामान बांधायच्या आधी मी खाली जाऊन विचारणार."